अक्कलकुव्याचे मौलाना



४ मे २०२५ रोजी मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी साहेबांचा अक्कलकुवा येथे इंतकाल झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. त्या दिवशी आमच्या भागातल्या मोबाइलवर उर्दूतले शोकसंदेश एकामागून एक येत होते. पण आमच्या वढू बुद्रुक, कोरेगाव, सणसवाडीच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत एकच प्रश्न होता, "हे कोण?" नमाजी, जाणती माणसेही विचारत होती. कुणाला एवढेच आठवत होते की देवबंदला काहीतरी वाद झाला होता, तेच ना हे?

हो, तेच. पण एका माणसाची पंचेचाळीस वर्षांची मेहनत सात महिन्यांच्या वादाखाली झाकून जावी, हे बरे नाही. शिवाय ते आपल्या महाराष्ट्रात राबले, आपल्याच राज्यातल्या सर्वांत मागे राहिलेल्या कोपऱ्यात. म्हणून या महिन्याचे सदर त्यांच्यावर.

आधी आपल्या गावाबद्दल थोडे. वढू बुद्रुकचे नाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्रभर माहीत आहे. भीमेच्या काठचा हा सगळा मुलूख. इथल्या गावोगावी मुलाणी, शेख, तांबोळी, अत्तार, सय्यद अशी पाच-पंचवीस घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावातला दीनदार माणूस म्हणजे मुलाणी. तो बलुतेदार होता. मशीद झाडायची, दिवा लावायचा, बांग द्यायची, मयतीला पुढे उभे राहायचे आणि जत्रेतला बोकड हलाल करायचा. त्या बोकडासाठी हिंदू घरांतूनही त्यालाच बोलावणे यायचे. सुगीला खळ्यावरून त्याला बलुते मिळायचे, कुठे थोडी इनाम जमीनही असायची. त्याच्याकडे सनद नव्हती, अरबीही फारशी येत नसे. पण गावगाड्यात त्याची जागा ठरलेली होती आणि त्याचा शब्द चालायचा.

पुढे बलुते गेले, इनाम गेले. आता मशिदीत मदरशातून शिकून आलेले मौलाना असतात, बहुतेक बाहेरगावचे. कुणी बिहारचे, कुणी मराठवाड्यातले. त्यांचे इल्म त्या जुन्या मुलाण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांची हालत मात्र काय सांगावी! मशिदीशेजारच्या एका खोलीत राहायचे, घराघरांतून पाळीपाळीने जेवणाचा डबा येणार आणि पगार इतका की गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्यालाही त्याहून जास्त मिळावा. ट्रस्टी बदलले की मौलानाही बदलतात. आपण त्यांच्याकडून मागतो तरी काय? पाच वेळची नमाज, जुम्म्याचा खुतबा, निकाह, जनाजा आणि संध्याकाळी पोरांना अलिफ-बे. गावातल्या पोरीची दहावी का सुटली, कंपनीतून काढलेल्या पोराने पुढे काय करावे, असले प्रश्न घेऊन त्यांच्याकडे कुणी जात नाही आणि त्यांनी स्वतःहून विचारावे अशी आपली अपेक्षाही नसते. एखाद्याने विचारलेच तर, "मौलाना, तुम्ही तुमचे बघा," असे म्हणणारेही आपणच.

मौलाना वस्तानवींची गोष्ट मला या ठिकाणी मोलाची वाटते. त्यांनी "आपले" म्हणजे काय, याची हद्दच बदलून टाकली.

१ जून १९५० रोजी गुजरातच्या सुरत जिल्ह्यातल्या कोसाडी गावी त्यांचा जन्म झाला. पुढे घर वस्तान गावी गेले, म्हणून ते वस्तानवी. शिक्षण म्हणाल तर अगदी जुन्या पठडीतले. कोसाडीच्या मदरशात कुरआन, मग बडोदा, मग तडकेश्वरचे फलाहे-दारैन आणि शेवटी सहारनपूरचे मजाहिर उलूम. तिथे मौलाना यूनुस जौनपुरींसारख्या मोठ्या मुहद्दिसांकडे ते बुखारी शरीफ शिकले. शेखुल हदीस मौलाना जकरिया कांधलवी हे त्यांचे पीर. १९८२ मध्ये मौलाना जकरियांचा इंतकाल झाल्यावर त्यांनी बांद्याच्या कारी सिद्दीक अहमद साहेबांचा हात धरला. हे सगळे तपशील मुद्दाम लिहिते आहे. पुढे लोकांनी त्यांना "मॉडर्न मौलाना" म्हटले, जणू ते बाहेरून कुठून तरी मदरशात शिरले होते. तसे नव्हते. ते त्याच चटईवर बसून वाढलेले होते.

शिक्षण संपल्यावर ते भरूचजवळच्या कंथारियाच्या दारुल उलूममध्ये शिकवू लागले. नोकरी चांगली, मुलूख आपला, भाषा आपली. गुजरातचे ते गाव सुखवस्तू, परदेशात गेलेल्या माणसांचे. माणसाने तिथेच आयुष्य काढले असते तरी कुणी नाव ठेवले नसते.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. भरूच-अंकलेश्वरकडून पूर्वेला निघालेला रस्ता डेडियापाडा, सागबारा करीत महाराष्ट्रात शिरतो. शिरल्यावरचे पहिले मोठे गाव अक्कलकुवा. आपल्याकडून जायचे तर अहिल्यानगर, मनमाड, मालेगाव, धुळे, शहादा, तळोदा असा चारशे किलोमीटरहून जास्त प्रवास. मुंबई लांब, सुरत जवळ. मागे सातपुड्याच्या रांगा, आजूबाजूला भिल्ल आणि पावरा बांधवांची वस्ती. काठीची प्रसिद्ध राजवाडी होळी याच तालुक्यातली. तेव्हा नंदुरबार जिल्हाही नव्हता, तो १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी हे सगळे धुळे जिल्ह्याचे टोक. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती, नंदुरबारची ६४ च्या आसपास, सगळ्या जिल्ह्यांत तळाला. त्याच्याही तीस वर्षे आधी तिथे काय असेल, याचा अंदाज शिक्षकाच्या नोकरीतल्या माणसाला लगेच येईल. सरकारी शाळेतली बदली म्हणून जिथे जायला मास्तर लोक रडायचे, असा तो भाग.

१९७९ मध्ये मौलानांनी तिथे मदरसा सुरू केला. जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम. नाव मोठे, पण सुरुवातीला विद्यार्थी सहा आणि उस्ताद एक. मौलाना तेव्हा कंथारियाला शिकवतच होते.

सहा मुले. आमच्या शाळेत वर्गात सहाच मुले राहिली तर तुकडी बंद करण्याचे पत्र येते. मी हे गमतीने लिहिते आहे, पण अगदीच गमतीने नाही. मोठ्या संस्थांचे फोटो पाहून आपण म्हणतो, त्यांच्याकडे पैसा होता. पैसा नंतर आला. आधी कुणीतरी त्या सहा पोरांसाठी चूल पेटवली होती.

पुढच्या काळात अक्कलकुव्याचे रूप बदलले. मदरशात हिफ्ज आणि आलिमियत चालू राहिलेच, त्यात कसूर झाली नाही. देशभरातल्या मदरशांच्या मुलांसाठी कुरआनच्या मुसाबक्यांचे, म्हणजे स्पर्धांचे आयोजन तर या संस्थेची ओळखच बनली. गावोगावी मकतब, मशिदी यांचे कामही संस्थेने राज्याबाहेरपर्यंत नेले. पण त्याच आवारात आणि त्याच ट्रस्टखाली शाळा आल्या, डीएड-बीएड आले, आयटीआय आली, पॉलिटेक्निक आले, फार्मसी कॉलेज आले, इंजिनीअरिंग कॉलेज आले, युनानी मेडिकल कॉलेज आणि दवाखाना आला. पुढे जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वरुडीला एमबीबीएसचे मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय उभे राहिले. मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यात आजारी माणसाला जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तिथे रस्त्याकडेला मोठा दवाखाना असण्याचा अर्थ काय, हे तिथल्या लोकांना विचारा. रुग्ण कुठल्या धर्माचा, हे केस पेपरवर कुणी पाहत नाही.

आपल्या समाजात दीनी तालीम आणि दुनियेची तालीम अशा दोन वाटा फार पूर्वी फुटल्या. १८५७ नंतर सगळे उद्ध्वस्त झाले होते. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा सुरू झाला, १८७५ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला शाळा काढली. आपल्या मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ ची. दोन्हीकडची माणसे मोठी होती, दोघांनाही कौमचीच काळजी होती. पण वाटा फुटल्या त्या फुटल्या. एका वाटेने गेलेल्या पोराला दुसऱ्या वाटेवरची भाषा कळेनाशी झाली. आपल्या पुण्यात कॅम्पातले आझम कॅम्पस आहे, एवढे मोठे शिक्षणाचे केंद्र, पण ते उभे करणारे लोक वकील, व्यापारी, शिक्षणप्रेमी. मौलवी नव्हेत. कॉलेज काढायचे ते कोटवाल्यांनी आणि मदरसा काढायचा तो टोपीवाल्यांनी, असे आपण धरूनच चाललो आहोत.

अक्कलकुव्यात दोन्ही कामे एकाच टोपीवाल्याने केली. मौलानांकडे एमबीएची पदवी होती, हे देवबंदच्या वेळी वर्तमानपत्रांनी मोठ्या अक्षरांत छापले. मला त्या पदवीचे फार अप्रूप नाही. एमबीए झालेले पुष्कळ असतात. अप्रूप याचे की ज्या आवारात पहाटे हिफ्जची मुले सबक पाठ करतात, त्याच आवारात काही वेळाने फार्मसीची मुले प्रयोगशाळेत जातात आणि यात काही विचित्र आहे असे तिथे कुणाला वाटत नाही. मुलांच्या मनावर याचा जो परिणाम होतो, तो शंभर भाषणांनी होत नाही.

आता देवबंदविषयी. टाळून चालणार नाही.

दारुल उलूम देवबंदचे मोहतमिम मौलाना मर्गूबुर्रहमान साहेब जवळजवळ तीस वर्षे त्या पदावर होते. डिसेंबर २०१० मध्ये त्यांचा इंतकाल झाला. १० जानेवारी २०११ रोजी मजलिसे-शूराने वस्तानवी साहेबांना मोहतमिम निवडले. ते शूराचे सदस्य आधीपासून होते. उत्तर प्रदेशातल्या नामवंत घराण्यांच्या वर्तुळाबाहेरचा, गुजरातमध्ये जन्मलेला आणि महाराष्ट्रात काम केलेला माणूस त्या गादीवर बसला, हेच अनेकांना नवे होते. थोड्याच दिवसांत एका इंग्रजी दैनिकात त्यांची मुलाखत आली. गुजरातमध्ये विकासाच्या बाबतीत मुसलमानांशी भेदभाव होत नाही, त्यांनी आता पुढे पाहावे, अशा अर्थाचे बोलणे त्यात होते. गदारोळ उठला. देवबंदला विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले. आपण २००२ च्या दंगलीबद्दल कुणालाही क्लीन चिट दिलेली नाही, असा खुलासा मौलानांनी केला. शूराने चौकशी समिती नेमली, फेब्रुवारीत कार्यकारी मोहतमिम म्हणून मौलाना अबुल कासिम नोमानी यांच्याकडे काम सोपवले आणि जुलै २०११ मध्ये वस्तानवी साहेबांना बहुमताने पदावरून दूर केले. सात महिनेही पुरे झाले नव्हते.

या प्रकरणावर माझे मत सांगते, ते कुणाला पटेल, कुणाला नाही. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना "आता पुढे पाहा" म्हणण्याचा हक्क तिसऱ्या माणसाला नसतो, मग तो कितीही मोठा आलीम असो. पुढे कधी पाहायचे ते त्या घराने ठरवायचे. तेवढ्यापुरते, लोक चिडले ते उगीच चिडले असे मी म्हणणार नाही. मौलाना स्वतः त्या मातीतले, व्यापारी वृत्तीच्या गुजराती मुसलमानांत वाढलेले. काम करा, शिका, दुकान उघडा, असा त्यांचा पिंड होता आणि तोच त्या बोलण्यात उतरला असावा. पण एका मुलाखतीवरून माणसाची पारख करायची आणि त्याच्या तीस वर्षांच्या कामाकडे पाहायचेही नाही, हा न्याय नव्हे. देवबंदमध्ये ते काय करू शकले असते, हे आता कधीच कळणार नाही. नुकसान झाले ते तिथल्या पोरांचे.

आणि यापुढचे जे आहे ते मला त्या सगळ्या वादापेक्षा मोठे वाटते. ते अक्कलकुव्याला परत आले आणि कामाला लागले. नवा पक्ष काढला नाही, देवबंदच्या विरोधात दुसरी चूल मांडली नाही. शूरातले आपले सदस्यत्वही रागाने फेकून दिले नाही. आपल्याकडे मशिदीच्या कमिटीतून कुणाला काढले तर पुढच्या जुम्म्याला तो दुसऱ्या गावच्या मशिदीत नमाज पढतो आणि सहा महिन्यांत त्याच गल्लीत दुसरी मशीद उभी राहते. सगळ्या देशासमोर अपमान झालेला माणूस गप्प राहून आणखी चौदा वर्षे शाळा-कॉलेजे चालवतो, याला किती सब्र लागत असेल!

सगळेच गोड लिहावे असा या सदराचा रिवाज नाही. एवढी मोठी संस्था एका माणसाभोवती उभी राहते तेव्हा काही प्रश्न येतातच. अलीकडच्या काळात संस्थेच्या परदेशी देणग्यांबद्दल सरकारी चौकशीच्या बातम्या आल्या. खरे-खोटे ठरवणे तपास करणाऱ्यांचे आणि कोर्टाचे काम आहे, ते त्यांनी करावे. मौलानांच्या पश्चात कारभार त्यांचे चिरंजीव मौलाना हुजैफा वस्तानवी पाहतात. बापाचे काम मुलाने पुढे नेणे आपल्याकडे नवे नाही, मदरशांत तर नाहीच. पण चंदा, जकात, सदका यांच्या पैशांवर चालणाऱ्या लहान-मोठ्या प्रत्येक संस्थेचा हिशोब इतका चोख असावा की मशिदीच्या दारावर लावता यावा. हे मी अक्कलकुव्यासाठी नाही, आपल्या गावच्या दहा-बारा हजारांच्या चंद्यासाठीही म्हणते आहे. चंदा देणाऱ्या बाईने हिशोब विचारला की तिच्याकडे संशयाने पाहायची सवय सोडायला हवी.

आता मी हे सगळे इतक्या कळकळीने का लिहिते आहे, ते सांगते. मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. दरवर्षी जून महिन्यात एखादी आई किंवा एखादा बाप मुलाचा दाखला मागायला येतो. मुलाला हिफ्जला पाठवायचे असते. दोन वर्षांपूर्वी अशीच एक आई आली. नवरा सणसवाडीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला, मुलगा सातवी झालेला आणि वर्गात बऱ्यापैकी. ती म्हणाली, "मॅडम, पोरगं हाफिज झालं तर आम्हा दोघांच्या डोक्यावर कयामतच्या दिवशी ताज असंल. दाखला द्या."

मी तिला नको म्हटले नाही. कुरआन सीन्यात घेऊन फिरणारे मूल घरात असावे असे कोणाला वाटणार नाही? मी फक्त विचारले, "दहावीचं काय?" ती म्हणाली, "ते मौलाना बघतील." मी विचारले, "मौलानांना तुम्ही विचारलंत?" ती गप्प.

ही गप्प राहण्याची जागा फार धोक्याची आहे. आपण समजतो मदरसा बघेल, मदरसा समजतो आई-बाप बघतील. पोरगा अठराव्या वर्षी हाफिज होऊन घरी येतो. आवाज गोड, रमजानमध्ये तरावीहला गावोगावची बोलावणी. ईद होते आणि पुढचे अकरा महिने? आमच्या भागात रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, सगळीकडे कारखाने आहेत. पण गेटवर पहिला प्रश्न दहावीच्या मार्कशीटचा. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडलाही दहावी लागते. मग हा मुलगा पंक्चरच्या दुकानात नाहीतर रिक्षावर. कष्टाच्या कामात लाज नाही. पण तीस पारे पाठ करणारे डोके आणि त्याला दहावी जमली नाही म्हणे! जमली नाही असे नाही, कुणी बसवलेच नाही.

खरे तर मदरशात जाणारी मुले फार नाहीत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात स्पष्ट आहे की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मुले मदरशांत शिकतात. बाकीची सगळी तुमच्या-माझ्या शाळांत, नाहीतर कुठेच नाहीत. सगळे मुसलमान मदरशात जातात, हा बाहेरच्यांचा गैरसमज. पण ३ टक्के म्हणून ती मुले सोडून द्यायची का? उद्या आपल्या मशिदीत मेहराबीसमोर उभा राहून सगळ्या गावाला वाट दाखवणार तो याच ३ टक्क्यांतला. त्याला टक्केवारी काढता येत नसेल, बँकेचा फॉर्म भरता येत नसेल, तहसील कचेरीतला मराठी कागद वाचता येत नसेल, तर तो गावाचा पुढारी कसा होणार? जुन्या मुलाण्याला निदान गावाची भाषा येत होती.

मराठीचा मुद्दा मी जरा जोराने मांडते, कारण तो माझा विषय. बाहेरून आलेल्या मौलाना साहेबांना मराठी येत नाही म्हणून ते ग्रामसभेत जात नाहीत. पोलीस पाटलांशी, सरपंचांशी, शाळेच्या हेडमास्तरांशी त्यांचे बोलणे "काय, बरं आहे ना?" याच्या पुढे जात नाही. मग गावात कधी काही कुरबुर झाली, तर मशिदीच्या वतीने शांतपणे दोन शब्द बोलायला कुणी नसते. ही उणीव मौलानांची नव्हे, त्यांना बोलावून आणून खोलीत बसवणाऱ्या आपली. एक बाराखडीचे पुस्तक आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ, एवढ्यात सहा महिन्यांत काम होते. मी हे एका मौलाना साहेबांच्या बाबतीत पाहिले आहे. आता ते मुलांची शाळेची डायरी वाचतात आणि गैरहजर पोराला अस्रच्या नमाजनंतर कान धरून विचारतात.

मुलाला मदरशात घालण्यापूर्वी काय विचारावे, ते आता सरळ सांगते. तिथे शाळेचे विषय शिकवतात का आणि शिकवतो कोण? दहावीला बसवतात का? याचे उत्तर "हो" असेल तर मागच्या वर्षी किती मुले बसली, हेही विचारा. नसेल तर निराश होऊ नका. आपल्या बोर्डात १७ नंबरचा फॉर्म भरून मुलाला बाहेरून दहावीला बसवता येते. त्याच्या तारखा बोर्ड दरवर्षी जाहीर करते, साधारण पावसाळ्यातच चौकशीला लागावे. जवळच्या हायस्कूलच्या क्लार्कला सगळे माहीत असते. मुक्त विद्यालयाचीही सोय आहे. जमियत उलेमा-ए-हिंदनेही मदरशांतल्या मुलांसाठी मुक्त शाळेच्या मार्गाने दहावीचे काम हाती घेतले आहे. शाळेचा दाखला आणि जन्माचा दाखला मात्र घरी पत्र्याच्या पेटीत नीट ठेवा. पोराच्या आणि आधार कार्डावरच्या नावाचे स्पेलिंग एकच आहे का, हे आजच पाहा. निम्मी कामे तिथेच अडतात.

आणि मुलींचे? मुलगा हिफ्जला गेला तर त्याच्या दहावीची निदान चर्चा तरी होते. मुलगी आठवीनंतर घरी बसली की कुणी मौलानांनाही विचारत नाही आणि मॅडमलाही. आमच्या भागात आठवीपर्यंतची शाळा गावात आणि नववीला एसटीने जायचे, एवढ्या एका गोष्टीवर कितीतरी पोरींचे शिक्षण थांबते. जुम्म्याच्या खुतब्यात महिन्यातून एकदा जरी इमाम साहेबांनी विचारले की कुणाची मुलगी शाळेत जायची थांबली आहे, तर चार बाप खाली मान घालतील आणि त्यातला एक तरी सोमवारी तिला स्टँडवर सोडायला जाईल. हे माझ्यासारख्या बाईने सांगून होत नाही, तेच मिंबरवरून सांगितले की होते. मौलानांच्या शब्दाला अजून ही किंमत आहे. वस्तानवी साहेबांनी ती ओळखली होती. कॉलेजला पैसे मागायला ते गेले तेव्हा लोकांनी दिले, ते कॉलेजसाठी कमी आणि मागणारा माणूस तहज्जुदगुजार आहे म्हणून जास्त.

त्या आईचा मुलगा पुण्याजवळच्या एका लहान मदरशात आहे. तिथल्या मौलाना साहेबांना तिने स्वतः जाऊन विचारले. त्यांनी आधी हात वर केले, मग एका बीएससी झालेल्या तरुणाला संध्याकाळी दोन तास गणित-विज्ञानासाठी ठेवले. पगाराचे पैसे चार पालक मिळून देतात. मुलाचे अठरा पारे झाले आहेत. येत्या पावसाळ्यात १७ नंबरचा फॉर्म भरायचा आहे. मराठी आणि इतिहास चांगले आहे, भूमिती मात्र कच्ची. जुम्म्याला मदरशाची सुटी असते, तेव्हा नमाज झाली की तो कंपास पेटी घेऊन माझ्याकडे येतो.